आधी अंदाज, मग चहा

मांडवीच्या आत्याकडे चहा फुकट मिळत नसे. ओटीवर पाय ठेवला की ती कोपऱ्यातल्या त्या लाकडी वस्तूकडे बोट दाखवायची आणि विचारायची, "हे कशासाठी असेल?" उत्तर दिल्याशिवाय आधण चढत नसे. मग तो पोस्टमन असो, लांबचा पाहुणा असो, नाहीतर सिलिंडर घेऊन आलेला माणूस. "आधी अंदाज, मग चहा," हा तिच्या घरचा कायदा.

वस्तूही तशीच विचित्र होती. एक जुना बंगला पाडला आणि त्यातलं सामान मोडीत निघालं, तेव्हा आत्याने ती हातगाडीवर घालून आणली. शिसवीची, जडशीळ. खाली वीतभर उंचीचं आसन, तेही दोन ठिकाणी खोलगट झिजलेलं. त्याच्या एका कडेला कमरेपर्यंत येणारे दोन खांब आणि खांबांवर एक उतरती फळी. बसावं तर पाय कुठे ठेवायचे कळत नाही, टेबल म्हणावं तर ठेवलेली वस्तू घरंगळते. माझ्या नडग्यांनी मात्र तिचा चांगलाच अनुभव घेतला होता.

नुसता अंदाज ऐकून आत्या थांबत नसे. कोणाचाही अंदाज आला की तो आठ दिवस चालवून बघायचा, हे ठरलेलं. मासेवाली म्हणाली, "बाय, ह्याच्यावर बसून मासं कापायचं असंल." झालं, आत्या आठ दिवस तिथे बसून बांगडे साफ करत होती. मंडणगडाहून कलमं विकायला येणाऱ्याने लोणच्याच्या बरण्यांचं नाव काढलं, आणि एक अख्खी बरणी फळीवरून घसरून ओटीभर खार सांडला. आत्या फरशी पुसताना म्हणाली, "चुकला बिचारा, पण मनापासून चुकला." शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या मते ती पोथी वाचायची जागा होती. त्या आठवड्यात आत्याने पोथीही वाचली.

मला हा पोरखेळ वाटे. एकदा तसं बोललेही. आत्या शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "अगो, माणूस त्या लाकडाबद्दल सांगत नाही, स्वतःबद्दल सांगतो. मास्तरांची पोथी ऐकायला घरात कोणी उरलं नाही. मासेवालीला उकिडवं बसवत नाही." नंतर मी पाहिलं, रोज संध्याकाळी ती मास्तरांच्या ओटीवर पोथी ऐकायला जाऊन बसायची. मासेवालीला तिने सुताराकडून उंच पाट करून दिला होता. जन्मभर एकटी राहिलेली ही बाई, पण तिच्या दारात चपलांचा ढीग का असतो ते मला त्या दिवशी कळलं.

मी स्वतः कधी अंदाज केला नाही. मी बँकेतली, चुकीचं काही बोलायचं म्हणजे अंगावर काटा. "मला माहीत नाही," एवढंच म्हणायचे. आत्या म्हणायची, "माहीत नाही ते मला माहीत आहे. अंदाज काय तो सांग." भाचीला बिनचहाचं कसं पाठवणार, म्हणून मला चहा मिळे, पण बिनवेलचीचा.

एकदा जुन्या सामानाचा व्यापार करणारा एक गृहस्थ आला. वस्तू पाहताच म्हणाला, "अंदाज कशाला, मला माहीत आहे ही काय आहे ती." आत्याने हात जोडले. "मग नका सांगू. एकदा कळलं की माणसं विचार करायची थांबतात, आणि मग बसतही नाहीत." त्याला न विचारता चहा दिला आणि वाटेला लावलं.

मग एका मे महिन्यात आंब्यांची अढी लावताना गवतावरून पाय सटकून आत्या पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, डॉक्टर उभं राहा म्हणाले, पण आत्या उभी राहीना. पडण्याची भीती मनात बसली होती. डोंबिवलीच्या काकाने, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, फोनवर सांगून टाकलं, "गणपतीला येतो. ताई तोवर चालायला लागली नाही, तर तिला इकडे घेऊन येणार." त्याचंही चूक नव्हतं. एकटी बाई खाटेवर, किती दिवस चालणार?

आत्या त्यानंतर बोलेनाशी झाली. मी वॉकर आणला. तिने तो भिंतीकडे सरकवायला लावला. "ते कशासाठी आहे ते बघताक्षणी कळतं," ती म्हणाली. मला रडू फुटायचं तेवढं राहिलं होतं. रागारागाने मी ओटीवर गेले, ते शिसवी धूड फरफटत आणून खाटेशी लावलं, आणि म्हटलं, "आत्या, मला वाटतं हे उभं राहायला शिकण्यासाठी केलं असावं."

तिने मान माझ्याकडे वळवली. "तुझा अंदाज?"

"माझा."

"मग आठ दिवस चालवून बघायला हवा."

मी पलीकडे आसनावर उभी राहून भार दिला. तिने फळीची वरची कड धरली आणि थरथरत का होईना, उठली. आमची तोंडं समोरासमोर आली. दोघींच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्या दिवशी चहा मीच केला, आणि वेलची घालायची आठवण तिने करून दिली.

गणपतीच्या आदल्या दिवशी काका आला, तेव्हा आत्या ओटीच्या दारात ती फळी धरून उभी होती. "आधी अंदाज," ती म्हणाली. काकाने पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या वस्तूची लांबी-रुंदी नजरेने मोजली. शेवटी म्हणाला, "हे डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मावणार नाही."

"हा काही अंदाज नव्हे," आत्या म्हणाली. "पण ये, चहा देते."

त्यानंतरही आत्या बरीच वर्षं त्याच घरात राहिली, आणि तिथेच गेली. ती वस्तू आता माझ्याकडे आहे. परवा माझ्या लेकीने त्या वस्तूचा फोटो काढून फोनवर शोधलं आणि क्षणात सांगितलं, "आई, हे चर्चमधलं असतं. गुडघे टेकून प्रार्थना करायचं." आसनातल्या त्या दोन खळग्यांचा उलगडा झाला. मला आनंद व्हायला हवा होता, पण आत्या पुन्हा एकदा गेल्यासारखं वाटलं.

मग तिचा कायदा आठवला. अंदाज कोणाचाही असो, चालवून बघायचा. लेक कॉलेजला गेल्यावर मी त्या खळग्यांत गुडघे ठेवले आणि फळीची वरची कड धरली. दोन्ही हातांना तिथलं लाकूड गुळगुळीत लागलं, आत्याच्या पकडीने झालेलं. किती वेळ तशीच होते कोण जाणे. मग तीच कड धरून उठले आणि चहाचं आधण ठेवलं.