चोळलेला पाय

बाबांचं लिव्हर वाळत चाललं होतं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला सिरोसिस, त्यामुळे गावाने जीभ चालवायची ती चालवलीच. हिरड्यांतून रक्त यायचं, जरा कुठे आपटलं की अंग काळंनिळं. रक्त तपासलं, तर गोठायला फार वेळ घेतंय असं निघालं. तेव्हापासून आमच्या घरात एकच गोष्ट पक्की : बाबांचं रक्त पातळ. आई त्यांना विळीला हात लावू देत नसे.

डॉक्टरांनी समजावलं होतं, रक्त गोठवणारी द्रव्यं लिव्हर करतं आणि गोठू न देणारीही तेच करतं. दोन्ही घटली की तोल कुठेही जाईल. म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येईपर्यंत सोयीचं तेवढं लक्षात ठेवलं.

म्हणून डावी पोटरी सुजली तेव्हा कुणी घाबरलं नाही. पाणी साठून पाय सुजायची सवय झाली होती. पण या वेळी उजवा पाय होता तसाच होता. मला ते खटकलं. मी अंगणात जाऊन डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, गुठळी असेल, लगेच आणा, पाय चोळू नका, सुटली तर फुप्फुसात जाऊन अडकते.

आत आले तर उंडेलाचा उग्र वास. उंडीच्या बियांचं हे तेल आमच्याकडे सगळ्या दुखण्यांवर चालतं. आई वाटी घेऊन बसलेली, पोटरी खालून वर रगडत होती.

"आई, सोड! गुठळी आहे ती."

"अगो, रक्त पातळ त्यांचं. गुठळी होईलच कशी? गाठ आलेय, मोकळी करत्ये."

तेवढ्यात बाबांनी छातीवर हात ठेवला. "दम लागलाय," म्हणाले, पाणी मागावं इतक्या हळू. मी गाडी आणायला धावले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पाय कुणी चोळला?"

आईने तोंड उघडलं. बाबांनी ऑक्सिजनचा मास्क खाली ओढला. "मीच. सकाळी."

पोट एवढं फुगलेलं, की त्यांचा हात गुडघ्याखाली जातच नव्हता. डॉक्टरांनी त्या पोटाकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळी बाबा गेले. मी आईला अजून सांगते, त्यांनीच चोळला गो, तू नंतर आलीस. ती ऐकून घेते.