डोंगर आखूड झाला

"तुज्याच हातांनी रचलास ना रं पोशा ह्यो ढीग?"

"वयनी, सायब बोलला दगड आण, मी आणलं. कोणाचं नाव व्हतं त्यावर?"

"माजं व्हतं! तुला डोळं नायत, त्याला मी काय करू?"

गोदा ठाकरीण भर उन्हात माथ्यावर उभी राहून दिराला सोलून काढत होती. कर्जतच्या आतल्या अंगाचा हा डोंगर. माथा सपाट, दिवाळीनंतर कमरेएवढं वाळलं गवत. वाडीतल्या बायका ते कापतात, भारे डोक्यावरून नेरळला उतरवतात. माथेरानची घोडी त्यावर जगतात. प्रत्येकीचा पट्टा ठरलेला, चार कोपऱ्यांना चार दगड. नवरा मेल्यापासून गोदाची चूल या पट्ट्यावर पेटते. पुरुष गवताला वर येत नाहीत. पोशाला दगड म्हणजे नुसता दगड.

गेल्या रविवारी मुंबईचे डोंगर चढणारे साहेब आले, पोशाला वाटाड्या घेऊन. ज्या माथ्यावर बायकांच्या कंबरा मोडल्या, तो त्यांना ओसाड सापडला! दगडही बेवारस! सगळे गोळा करून त्यांनी छातीएवढी रास रचली, डोंगर तेवढा उंच केला म्हणून टोप्या उडवल्या आणि गेले. दगड वेचायला पोशा सगळ्यांच्या पुढं.

आणि आज शेजारची जना खुशाल गोदाच्या पट्ट्यात विळा घालून बसलेली.

"खूण दाव, मंग भांड," जना म्हणाली.

गोदानं राशीतला दगड उचलून पोशाच्या खांद्यावर आदळला. "चल म्होरं!"

दगडाखाली गवत उगवत नाही. तीन कोपऱ्यांना जमिनीची टकलं सापडली, तिथं पोशानं दगड टाकले. चौथं टक्कल मिळेना. जना गालात हसली. गोदा तिच्या भाऱ्यांकडं बघत राहिली, मग पुढं होऊन तिनं कडेचा भारा लाथेनं लोटला. खाली टक्कल!

"कोंबडीवानी उबवत बसली व्हतीस व्हय गं?"

 जनानं विळा उचलला, भाऱ्याला हात घातला.

"भारा ठेव. गवत माजं हाय."

जना फणकारत आपल्या पट्ट्यात गेली. पोशा घाम पुसत पुटपुटला, "वयनी, रविवारी सायब दोस्तांना ढीग दावाया आणणार हाय. काय सांगू त्यास्नी?"

"सांग, डोंगर आखूड झाला. आन् उभा काय ऱ्हातोस? चौथा दगड आण."

गोदा वाकली, मूठभर गवत धरलं आणि विळा ओढला.