एकोणतिसाचा उलटा पाढा

डेपोत त्यांना सगळे पाढेमास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी आयुष्यात कुणालाच काही नाही. ते बस चालवायचे. पण दुपारचं ऊन काचेवर आलं आणि डोळ्यांवर झापड आली, की ते मनातल्या मनात पाढे म्हणत, तेही उलटे. बारा-तेराच्या पाढ्याला झोप भीक घालत नाही, असं त्यांचं ठाम मत. ती हलते ती एकोणतिसाला! एकतीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही, ते या पाढ्यांमुळेच, असं ते छाती फुगवून सांगत. घरी मात्र चहाचा कप हातात धरूनच पेंगत.

"अहो, झोपेला फसवताय की स्वतःला?" बायको कप काढून घेत विचारायची.

यावर त्यांच्याकडे बिनतोड उत्तर होतं, पण ते देण्याआधीच ते घोरू लागत.

निवृत्तीला आठ महिने उरले होते. दोन ड्रायव्हर आजारी, त्यामुळे मास्तरांचा सलग सहावा दिवस दुहेरी पाळीचा. त्या दुपारी पाढा कसा लोण्यासारखा चालला होता. एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट, एकोणतीस आठे दोनशे बत्तीस... कुठे अडखळणं नाही की चूक नाही. मास्तर स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात मागे एकच कल्ला उठला आणि कंडक्टरबाई केबिनशी येऊन ओरडल्या, "अहो मास्तर, तीन थांबे सोडलेत! मी घंटा बडवून बडवून दमले!"

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. लोक तोंडाला येईल ते बोलत होते, त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांनी मागे वळून विचारलं ते निराळंच.

"बाई, मधे शाळेपुढचा सिग्नल लागला का हो?"

"लागला की. तुम्ही थांबलात, पोरं गेली, मग निघालात. असं काय विचारताय?"

पाढा त्यांना अख्खा आठवत होता. पोर एकही आठवेना. मास्तर घाबरले, चांगलेच घाबरले.

त्यांनी इंजिन बंद केलं आणि डेपोला फोन लावला.

"दुसरा ड्रायव्हर पाठवा."

"गाडीत काय बिघाड आहे?" साहेबांनी विचारलं.

"गाडी ठणठणीत आहे. मला झोप येतेय."

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"मास्तर, फॉर्मवर असं कारणच नाहीये. टायर लिहू का? आठ महिने राहिलेत तुमचे, कशाला डाग लावून घेता?"

"टायर बिचारा जागा आहे, साहेब," मास्तर म्हणाले. "माझंच नाव लिहा."