एक जूनचे गुरुजी

बहिरू गुरुजींची जन्मतारीख एक जून. हसू नका, तुमच्या घरातही एखादा एक जूनवाला असेलच. नाव घालायला पोरगं आणलं की आई म्हणायची, "कांदे लावत होतो तेव्हा झालं." आजी म्हणायची, "काय बोलती, बाजरी काढत होतो." आणि शाळेचे गुरुजी सासू-सुनेच्या मध्ये न पडता लिहून टाकायचे, एक जून. सालाचीही तीच तऱ्हा. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडता आला की पोरगं झालं सहा वर्षांचं.

बहिरूचा हात तर कानापर्यंत पोचलाच नव्हता. दुष्काळ नुकताच सरला होता. चांदवडच्या अलीकडे, हायवेच्या कडेला असलेल्या बोरदरा वस्तीची शाळा तेव्हा बंद व्हायच्या बेतात होती. पट हवा होता वीसचा आणि पोरं होती एकोणीस. त्या वेळच्या गुरुजींनी ओट्यावर खेळणाऱ्या चार वर्षांच्या बहिरूला गुळाचा खडा दाखवून शाळेत आणलं, हात डोक्यावर ठेवला, तो पोचेना तेव्हा त्याची मानच हाताकडे वाकवली आणि लिहिलं : एक जून एकोणीसशे सदुसष्ट. पट वीस झाला, शाळा वाचली. बहिरूने पहिलीचं अख्खं वर्ष गुरुजींच्या टेबलाखाली झोपून काढलं, असं त्याची थोरली बहीण कुसाबाई आजही चारचौघांत सांगते, आणि बहिरू गुरुजी आजही लाजतात.

हाच बहिरू पुढे डीएड झाला, तालुकाभर बदल्या खात फिरला आणि शेवटची अकरा वर्षं त्याच वस्तीवर, त्याच खोलीत, त्याच टेबलामागे येऊन बसला. कागदावर अठ्ठावन्न पुरी झाली की एकतीस मेला घरी जायचं. त्याचं त्यांना काही वाटलं नसतं. पण जानेवारीत केंद्रप्रमुख आले, खिचडी खाल्ली, हात धुतले आणि रुमालाला पुसत म्हणाले, "गुरुजी, तुमची दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षं रिकामीच आहे. तुम्ही गेलात की इथं माणूस मिळेल असं दिसत नाही. पोरं चौदाच. हायवेपलीकडच्या शाळेत घालू."

"साहेब, हायवे ओलांडून?"

"मग काय विमानाने?" साहेब म्हणाले, आणि स्वतःच हसले.

मुंबई-आग्रा हायवे तिथे उतारावर आहे. वरून कांद्याचे ट्रक येतात ते थांबायला म्हणून येतच नाहीत. पूल नाही, सिग्नल नाही. मधल्या दुभाजकात लोकांनीच पाडलेली एक खिंड आहे, तेवढीच वाट.

त्या दिवशी गुरुजींना बावन्न वर्षांत पहिल्यांदा आपलं खरं वय आठवलं. छप्पन्न! म्हणजे दोन वर्षं हक्काची शिल्लक. दोन वर्षांत पहिलीतली आयत तिसरीत जाईल, तेवढ्यात कुणी शिक्षक येईल, निदान चार पोरं वाढतील. माणूस बुडायला लागला की काय काय धरतो. गुरुजींनी एक जून धरला.

शाळा मात्र रोजच्यासारखी चाललेली. एका खोलीत चार वर्ग, चार रांगा. पहिलीवाले चिंचोके मांडून दहाचे गठ्ठे करतायत, दुसरीवाले अंकांची कार्डं लावतायत, तिसरीतला रय्यान, म्हणजे आयतचा भाऊ, धडा वाचायचा सोडून खिडकीतून दिसणाऱ्या ट्रकचे नंबर वाचतोय आणि त्यांच्या बेरजा तोंडी करतोय. चौथीतली सृष्टी ही तर बिनपगारी बाईच. हातात पट्टी, कमरेला ओढणी.

"आयत, किती झाले?"

"सतरा."

"दहाचा गठ्ठा बांधला का?"

"बांधला, पण एक चिंचोका रय्यानने खाल्ला."

"भाजलेला होता, गुरुजी!" रय्यान ओरडला. गुरुजी एरवी यावर पोट धरून हसले असते. आता ते नुसते पोरं मोजत होते. अकरा, बारा, तेरा, चौदा. पुन्हा पहिल्यापासून.

फेब्रुवारीत त्यांनी केस काळे केले. वस्तीवर लगेच कुजबुज झाली की म्हातारपणी गुरुजींना काय सुचलं. पण दोन वर्षांनी लहान दिसलं तर साहेबांना पटेल, असा त्यांचा हिशोब होता. साक्षीला कुसाबाईला घेतलं आणि तालुक्याला खात्याच्या कचेरीत गेले. उन्हाने कलप कानामागून ओघळायला लागलेला, कुसाबाई पदराने पुसतेय, अशा थाटात दोघं टेबलापाशी पोचली. टेबलावर होता सोमनाथ, गुरुजींच्याच पहिल्या नोकरीच्या गावचा विद्यार्थी. गुरुजींचा जीव भांड्यात पडला.

"गुरुजी, चहा घ्या. काय काम काढलं?"

"माझी जन्मतारीख चुकलीय रे. मी दोन वर्षांनी लहान आहे."

सोमनाथने कानामागचा काळा ओघळ बघितला आणि समोरची फाईल उघडली. पोरगा गुणी.

"पुरावा?"

"मी हाय ना!" कुसाबाई पुढे सरली. "दुष्काळात आई खडी फोडायला जायची. म्या आठ वर्साची, अन् ह्यो माझ्या काखेला. तुमच्या कागदापरमाणं ह्यो तवा पाच वर्साचा. मला सांग बाबा, पाच वर्साचं ठोंब्या पोरगं आठ वर्साची पोर काखेला घील का? माझी कंबर मोडली नसती?"

सगळी कचेरी हसली. सोमनाथही हसला, मग हळू आवाजात म्हणाला, "आक्का, मला पटलं. पण काखेचा दाखला नसतो. आणि गुरुजी, तारीख बदलायची तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत अर्ज करायचा असतो. तुम्हाला चौतीस झाली."

"काहीच होणार नाही?"

"नाही." सोमनाथने समोरची फाईल मिटली. "एक विचारू? माझी तारीख कुणी लिहिली?"

गुरुजींनी चहाचा कप खाली ठेवला.

"आई म्हणते, मी संक्रांतीला झालो. कागदावर एक जून. माझ्या वर्गात अठरा जण होतो, गुरुजी. अठराचे अठरा एकाच दिवशी जन्मलो. आमच्या गावात त्या दिवशी दुसरं काही कामच नसेल बघा."

तो चेष्टेनेच म्हणाला. पण परतीच्या एसटीत गुरुजी चांदवडपासून वस्तीच्या फाट्यापर्यंत एक जून लिहिलेली पोरं बोटांवर मोजत राहिले. कुसाबाई तेवढी पुटपुटत होती, "काखेचा दाखला म्हणं."

मार्चमध्ये एकदा दुपारी, पोरं बाहेर खिचडीला बसलेली असताना, गुरुजींनी पेटीतून जुनं जनरल रजिस्टर काढलं. मुख्याध्यापक तेच, शिक्षक तेच, किल्ली जानव्याला बांधावी तशी त्यांच्याच करगोट्याला. स्वतःची नोंद सापडली. शाई तपकिरी झालेली. सातचा नऊ करायला एक फराटा पुरला असता. त्यांनी पेन टेकवलं. आणि मग बाजूचा रकाना दिसला, अक्षरी. 'एकोणीसशे सदुसष्ट.' त्याला फराटा कुठे मारणार? नोकरीभर प्रत्येक नव्या शिक्षकाला गुरुजींनीच तर सांगितलं होतं, अक्षरी लिहा रे, म्हणजे खाडाखोड करता येत नाही.

"गुरुजी, काय लिहिता?" सृष्टी दारात. तोंडाला खिचडी लागलेली.

"काही नाही. पेन चालतंय का बघतो."

"मग टोपण काढा ना."

खरंच, टोपण काढलंच नव्हतं. गुरुजींनी रजिस्टर मिटलं आणि टेबलावर डोकं टेकलं. सृष्टीने बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं, गुरुजी झोपलेत, आवाज करू नका. आणि चौदा पोरांनी अर्धा तास खरंच आवाज केला नाही. आत गुरुजींना ते सोसवेना. पोरांनी दंगा केला असता तर बरं झालं असतं.

एक मेला झेंडा झाला, निकाल वाटला, आणि निकालाबरोबर गुरुजींनी चौदा जणांना शाळा सोडल्याचे दाखले दिले, स्वतःच्या हाताने लिहिलेले. आता दवाखान्याचे कागद असतात. चौदा पोरांच्या चौदा वेगळ्या तारखा. एकही एक जून नव्हता. एकतीस मेला तालुक्याला शाल-नारळ झाला. केस तोवर पुन्हा पांढरे झाले होते.

जूनच्या मध्याला पलीकडची शाळा भरली. गुरुजी फाट्यावर पोचले तेव्हा रय्यान आणि आयत दप्तरं घेऊन उभी होती, आणि त्यांची आई रेहाना दोघांची मनगटं धरून. वस्तीकडून सृष्टीची आई, तिच्यामागे आणखी दोन-तीन बाया आणि बाकीची पोरं. कुणी पाऊल पुढे टाकेना.

"मी नाही पाठवणार, गुरुजी," रेहाना म्हणाली. "यांचे अब्बा स्वतः लासलगावला ट्रक नेतात. ते म्हणतात, भरलेली गाडी या उतारावर ब्रेक मारला तरी शंभर पावलं पुढं जाते. घरी बसतील पोरं. अनपढ राहतील, पण राहतील."

गुरुजींकडे ना हजेरी, ना घंटा, ना कुठला अधिकार. घरून निघताना सवयीने उचललेली तेवढी फळ्यावरची लांब पट्टी हातात होती. ती त्यांनी वर धरली आणि ते रस्त्यात उतरले. वरून येणाऱ्या ट्रकने हॉर्न मारला, ड्रायव्हरने आईवरून शिवी हासडली, मग दुसऱ्याने, मग एक ट्रॅक्टर कुरकुरत थांबला. गुरुजी मधल्या खिंडीत पोचले. घामाने निथळत, पट्टी तशीच वर धरून.

"या!" ते ओरडले. "दोघादोघांनी. हात सोडायचा नाही. रय्यान, नंबर वाचू नको, पाय बघ!"

सृष्टी आधी गेली, मग तिच्यामागे जोडीजोडीने बाकीची. शेवटी रेहानाने मनगटं सोडली. पण स्वतः काठावर तशीच उभी राहिली, आणि पोरं पलीकडे पोचल्यावरच ओरडली, "आज झालं! पण रोज कोण उभं राहणार इथं? किती दिवस?"

"दोन वर्षं," गुरुजी खिंडीतून म्हणाले. "माझी दोन वर्षं नोकरी बाकी आहे. विचार कुसाबाईला."

थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, "ओ बाबा, जाऊ का आता?"

"थांब," गुरुजी म्हणाले. "अजून मोजायचेत." बारा झाले होते. दोन आली नव्हती. पट्टी वर धरून ते वस्तीच्या वाटेकडे बघत राहिले.