वारुळावरच्या अळंबीची नोंद

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो, तेव्हा आमच्या गोऱ्या साहेबाला अळंब्या सुकवून कागदावर चिकटवायचा नाद होता. गृहस्थ विद्वान म्हणून मिरवायचा. श्रावणात रानात काय उगवतं ते त्याला ओ की ठो कळत नव्हतं. मलाही नव्हतं. आमच्या ब्राह्मणाच्या घरात अळंबीचं नाव काढलं तरी आई नाक मुरडायची. पण माझं अक्षर चांगलं, म्हणून प्रत्येक नमुन्याची चिठ्ठी मी लिहायचो आणि तेवढ्यावर स्वतःला अर्धा शास्त्रज्ञ समजायचो.

साहेबाला वारुळावरची मोठी पांढरी अळंबी हवी होती. ती ठाकुर्लीची एक आगरी म्हातारी कल्याणच्या बाजारात विकायची. अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही, हा तिकडचा रिवाज. हिने तर सुनेलाही सांगितली नव्हती. "वारुळाला हात लागणार नाही," असा मी शब्द दिला, तेव्हा कुठे ती आम्हाला घेऊन गेली. तिने विळीच्या पात्याने अळंब्या जमिनीलगत कापल्या, फुललेल्या चार तशाच ठेवल्या आणि म्हणाली, "ह्या फुडल्या वर्साच्या."

साहेबाला मुळासकट नमुना पाहिजे होता, आणि मूळ वारुळात खोल गेलेलं. त्याने शिपायाला कुदळ मारायला लावली. म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. मी साहेबावर छत्री धरून उभा होतो.

चिठ्ठी अशी झाली: 'ठाकुर्ली. वारुळावर. येथे विपुल. खाण्यास योग्य?' ते प्रश्नचिन्ह साहेबाचं. जन्मभर ती अळंबी खाल्लेली बाई समोर उभी होती, पण तिला विचारलं तर याची विद्वत्ता कमी झाली असती. शोधणाऱ्याच्या जागी अर्थातच साहेबाचं नाव पडलं.

पुढच्या श्रावणात म्हातारी रिकामी पाटी घेऊन कचेरीच्या ओट्यावर आली. वारुळ उजाड पडलं होतं, वाळवीसुद्धा उरली नव्हती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

"कारकून, तुमच्या कागदान हाय ना ती?" ती म्हणाली. "मंग तिथशीच उपटून द्या."

मला लाज वाटली. ती गेली. टेबलावर त्याच नोंदीची विलायतेला धाडायची नक्कल अर्धी राहिली होती. साहेब आत बसला होता. मी 'येथे विपुल' जसंच्या तसं उतरवलं, आणि त्या दिवशी साहेबाने माझ्या अक्षराची तारीफ केली.