एका मापाचे बस्ते

दुसरी लढाई सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती तेव्हा मी आमच्या तालुक्याच्या कचेरीत नकलनवीस म्हणून लागलो. कुणाला जुन्या कागदाची शिक्क्याची नकल हवी असली की त्यानं अर्ज द्यायचा, रेकॉर्ड कीपरनं मूळ कागद काढून द्यायचा आणि मी तो उतरवून काढायचा, एवढंच काम. यातला मधला टप्पा सुखासुखी पार पडलेला मी कधी पाहिला नाही.

रेकॉर्ड कीपर पन्नाशी ओलांडलेले होते आणि दाराकडं पाठ करून बसत. आत कोण आलं हे ते वळून पाहत नसत. वहाणांच्या आवाजावरून ओळखत आणि आवाज अर्जदाराचा असला तर भिंतीकडं पाहूनच उत्तर देत. मला ते नावानं कधीच हाक मारत नसत, 'मॅट्रिक' म्हणत. कागद मागितला की, "मंग? आज पायजे का तुमाले?" असं अशा सुरात विचारत की आज हवा असणं हा काही तरी गुन्हा आहे असं वाटावं. त्यांच्या खोलीत चारशेच्या वर बस्ते होते. एकेका गावाचे कागद एकेका लाल कापडात बांधलेले, कापडाच्या कोपऱ्यावर शाईनं गावाचं नाव. आतल्या कागदांची यादी कुठंच नव्हती, ती त्यांच्या डोक्यात होती. हा माणूस आपली किंमत टिकवायला यादी करत नाही, असं माझं ठाम मत होतं. वाचनाची आवड असलेल्या तरुण माणसाची मतं ठामच असतात.

त्या वर्षी माघात जिल्ह्याहून मोठे साहेब तपासणीला येणार होते. तहसीलदारांनी कचेरीला चुना लावून घेतला, अंगणात कुंड्या आणवल्या आणि एके सकाळी रेकॉर्डच्या खोलीच्या दारात उभं राहून त्यांना दिसलं की बस्त्यांची कापडं विटली आहेत आणि एक बस्ता लठ्ठ तर दुसरा हडकुळा आहे. रेकॉर्ड कीपर बहिणीच्या दिवसकार्याला गावी गेलेले होते. तहसीलदारांनी मला बोलावलं. नवं कापड आणायचं आणि सगळे बस्ते एका मापाचे बांधायचे. "पलटणीसारखे दिसले पाहिजेत," ते म्हणाले.

दोन चपराशी हाताशी घेऊन मी तीन दिवसांत पलटण उभी केली. लठ्ठ बस्ते फोडले, हडकुळ्यांत भर घातली. कापडावरची नावं जुन्या कापडाबरोबर गेली, हे ध्यानात आलं तोवर चपराशांनी जुनी कापडं वाटून घेतली होती. पुढं बरेच दिवस एक चपराशी दुपारी 'मौजे इंझोरी' सोडून आतली भाकर खात असे.

साहेब आले, मांडणी पाहून खूश झाले आणि मालेगावकडच्या एका गावाचा कागद सहज म्हणून मागितला. रेकॉर्ड कीपर त्याच सकाळी परतले होते. ते उठले, नेहमीच्या जागी हात घातला, बस्ता उघडला. आत तीन गावं निघाली. दुसऱ्यात चार. साहेब घड्याळाकडं पाहत होते. तहसीलदार छताकडं पाहत होते. मी तहसीलदारांच्या मागं उभा होतो आणि काहीही बोललो नाही. 'दफ्तर अव्यवस्थित' असा शेरा रेकॉर्ड कीपरांच्या सर्व्हिस बुकात चढला. ते माझ्याजवळ येऊन ओरडतील या भीतीत मी आठवडा काढला. ते ओरडले नाहीत. फक्त माझे अर्ज घेणं त्यांनी बंद केलं.

"मले काय विचारता?" ते भिंतीला सांगत. "ज्यानं बांधलं त्याले विचारा."

चैत्र लागता लागता शिरपूरची एक बाई आली. गावाबाहेर तिचा दीड एकराचा मिरच्या-वांग्यांचा मळा होता. नवरा वारला होता आणि विहीर दिरासोबत सामाईक होती. दिरानं तिची मोट बंद पाडली होती. सासऱ्याच्या माघारी भावाभावांत तडजोड झाली होती, आठवड्यातले दोन दिवस पाणी तिच्या नवऱ्याचं, आणि तो कागद आमच्या दफ्तरात होता. रस्त्यापलीकडच्या मुन्सफ कोर्टानं तिला शेवटची पेशी दिली होती सोमवारची. नकल आणली नाही तर दावा काढून टाकणार. मूळ कागद कोर्टापासून शंभर पावलांवर आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण कायद्याला पावलं मोजता येत नाहीत.

"भाऊ, मिरच्या जळून राह्यल्या," ती मला म्हणाली. तो मंगळवार होता, आणि तिची दुसरी खेप. "कागद कवा भेटन?"

"बघतो," मी म्हणालो.

"मांगच्या खेपीलेही तुमी बघतोच म्हणलं होतं."

ती ओट्यावर बसून राहिली. रोज सकाळी येई, कचेरी बंद झाली की गावातल्या चुलतबहिणीकडं जाई. माझ्या टेबलावरून दार उघडं असलं की तिची पाठ दिसे, म्हणून मी दार लावून घ्यायला लागलो.

बुधवारपासून मी स्वतः बस्ते सोडायला लागलो. रेकॉर्ड कीपर आपल्या जागी सुपारी कातरत बसले होते. एकेका बस्त्यात गावांची खिचडी, शिवाय तडजोडीचा कागद म्हणजे एकच पान. दिवसाला पंधरा-वीस बस्ते होत. गुरुवारी शिरपूरचे काही कागद हाती लागले, पण ते सारे सारावसुलीचे.

"मॅट्रिक," मागून आवाज आला, "गाठ नीट मारा. तुमी बुटाची गाठ मारता. बस्त्याले पाय नसतेत."

मी पुढचा बस्ता ओढला. त्याची गाठ बुटाची नव्हती. चपटी, दुहेरी, टोकं आत खोचलेली होती. सोडून पाहिला. आत एकच गाव, कागद सालवार लावलेले. शेजारचाही तसाच. मग मी फळीवर हात फिरवत गेलो. खालच्या दोन फळ्यांवरच्या सगळ्या गाठी त्यांच्या होत्या. हा माणूस कचेरी उघडण्याआधी येऊन माझी पलटण एकटाच मोडत होता, आणि दीड महिन्यात त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी त्या दोन फळ्या मी पुऱ्या पाहिल्या; शिरपूरच्या आजूबाजूची गावं लागलेली होती, शिरपूर तेवढं तिथं नव्हतं. शनिवारी कचेरी दोनला बंद होई. बाराला मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. समोर म्हणजे भिंतीच्या आणि त्यांच्या मध्ये.

"शिरपूरचा बस्ता तुम्ही लावला आहे," मी म्हणालो.

"लावला असन."

"तडजोडीचा कागद सापडला?"

"सापडला असन."

"बाहेर बाई पाच दिवसांपासून बसली आहे. परवा तिची पेशी आहे."

"मले येता-जाता दिसते. मी दार नाही लावत."

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, कोरा कागद माझ्यापुढं सरकवला आणि दौत त्याच्याजवळ आणली.

"बस्ते कोणं फोडले ते लिहा. सही करा. मंग कागद घ्या."

माझी नेमणूक तात्पुरती होती, कायम करायचं प्रकरण तहसीलदारांच्या सहीसाठी पडलं होतं. घरी आई आणि धाकट्या दोघी बहिणी त्या सहीवर विसंबून होत्या. हे रेकॉर्ड कीपरांना माहीत होतं. कचेरीत कुणाचं काय पडून आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसे.

"बाईचा यात काय दोष?" मी विचारलं.

"काहीच नाही. माह्याही नव्हता."

मी उभ्यानंच लिहिलं. तहसीलदार साहेबांच्या तोंडी हुकमावरून, रेकॉर्ड कीपर रजेवर असताना, बस्ते मी फोडले आणि गावांची नावं माझ्या हातून गेली. त्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला.

"हुकूम तोंडी होता?"

"हो."

"मंग तो काढून टाका. तोंडी हुकूम देला असं कोणता साहेब म्हणते? अर्धा कागद खोटा पडला का उरलेलाही खोटा पडते."

मी दुसरा कागद घेतला. या वेळी त्यात मी एकटाच होतो. बाहेर चपराशी खिडक्या लावायला लागला होता. त्यांनी सही पाहिली, शाई वाळू दिली, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात घातली. मग उठले, तिसऱ्या फळीवरून बस्ता काढला, मधोमध बोट घातलं आणि पान माझ्या हातात दिलं. सुपारीचं खांड तोंडात टाकण्याइतका वेळही त्यांना लागला नाही.

नकल उतरवायला मला पाऊण तास लागला. तहसीलदार टांग्यात पाय ठेवत होते तेव्हा मी ती त्यांच्यापुढं धरली. काय आहे हे न वाचता त्यांनी सही केली. माझ्या खिशात दुसरं काही असतं तर त्यावरही केली असती, हे मला टांगा गेल्यावर सुचलं.

सोमवारी मी जेवणाच्या सुट्टीत कोर्टात गेलो. दिराच्या वकिलानं नकल उलटीपालटी करून पाहिली, शिक्का नखानं खरवडला. मुन्सफांनी ती दोनदा वाचली. दावा चालेतो बाईची दोन दिवसांची पाळी सुरू ठेवावी, असा त्यांनी तिथल्या तिथं हुकूम दिला. पाळी मंगळवारपासूनची होती. ती पदर खोचून लगेच निघाली, कारण मालेगावकडं जाणारी एक बैलगाडी तिला गाठायची होती. माझ्याकडं तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "लय येळ लावला, भाऊ." ते खरंच होतं.

माझा तो कागद रेकॉर्ड कीपरांनी अपिलासोबत वर पाठवला. पावसाळ्यात त्यांच्या पुस्तकातला शेरा निघाला आणि माझ्या पुस्तकात चढला. माझं कायम होणं दोन वर्षं लांबलं. कागदात तहसीलदारांचं नाव असतं तर मला कामावरूनच काढलं असतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांनी ते माझ्यासाठी काढायला लावलं की अपिलासाठी, हे मी विचारलं नाही. उत्तर भिंतीला मिळालं असतं.

त्या सोमवारी मात्र मी कोर्टातून सरळ त्यांच्या खोलीत गेलो. माझी पावलं ऐकूनही ते या वेळी वळले.

"काय झालं?"

"पाणी मिळालं. उद्यापासून तिची पाळी."

"मोटेले बैल हायेत का तिच्याजवळ?"

मला माहीत नव्हतं. पाच दिवस ती माझ्या दारात बसली होती आणि हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. त्यांनी चपराशाला हाक मारून, बैलांचा निरोप न्यायला शिरपूरकडं जाणारं ओळखीचं कोणी आज बाजारात आहे का, ते पाहून यायला सांगितलं.