चेनवाला गोकुळ

आळेफाट्यावर गोकुळ मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथं काम घेऊन जाणाऱ्याला आधी स्वतःचा अपमान करून घ्यावा लागतो, मग गाडीचं काम. "आधी कुणी खोलली व्हती ही?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर काहीही आलं तरी पुढचं वाक्य ठरलेलं, "त्याला म्हशी राखायला लावा, म्हशींची तेवढी माफी मागा."

टायरच्या ट्रॅक्टरला तो 'रबरी चपला' म्हणायचा. फोन बघत यंत्र चालवणाऱ्या जेसीबीवाल्यांना 'मोबाईलवाले'. शनिवार-रविवारी माळशेजला निघालेल्या, धूर सोडत गॅरेजपाशी थांबणाऱ्या गाड्यांतल्या माणसांना तर तो नावही देत नसे. नुसता बाजूला थुंकायचा आणि बॉनेट उघडायचा. हात मात्र चांगला होता, म्हणून लोक ऐकून घेत. बायको वारलेली, लेक चाकणला कंपनीत. घरात ऐकून घ्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून सगळा साठा गॅरेजवर खपायचा.

ह्याला कारण होतं. कुकडीचे कालवे आले तेव्हा गोकुळ विशीत होता आणि एका ठेकेदाराच्या डोझरवर बसायचा. चाकांऐवजी लोखंडी चेनींवर चालणारा ट्रॅक्टर, पुढं रुंद लोखंडी पातं. बोरीपासून खाली अवसरीपर्यंत उंचसखल माळ त्यानं सपाट केले, त्यात पाणी खेळायला लागलं. डोझर शेतात उतरला की मालकीण हळदीकुंकू घेऊन यायची, पात्यापुढं नारळ फुटायचा. पूजा यंत्राची असायची, पण वर बसलेल्या गोकुळनं त्यातली निम्मी स्वतःच्या नावावर लावून घेतली. पुढं जमिनी सपाट झाल्या, ठेकेदारानं यंत्रं विकली, आणि गोकुळ खाली उतरून दुसऱ्यांच्या गाड्यांखाली झोपायला लागला. ते त्यानं जगाला कधी माफ केलं नाही.

पण त्याच्या तुच्छतेचा सगळ्यात मोठा वाटा घरातल्याच एका माणसाला होता. धाकट्या बहिणीचा, रत्नाचा नवरा. सुभाष. बोरी बुद्रुकला त्याची शेती. तो जावई, म्हणजे 'दाजी' म्हणायचं, 'तुमी' म्हणायचं, ताटात पहिली पुरणपोळी त्याला वाढायची. गोकुळ हे सगळं करायचा, आणि प्रत्येक 'दाजी'त एक खडा घालायचा.

सुभाषनं इमू पाळले होते. ते नेमके कुणाला विकायचे हे न कळल्यानं शेवटी गावच्या कुत्र्यांनी त्यांची विल्हेवाट लावली. मग त्यानं शेवगा लावला, मग प्लास्टिकच्या घरात परदेशी फुलं लावली. वाऱ्यानं प्लास्टिक उडून नदीपल्याड गेलं. आणि ह्या सगळ्याच्या मधे कधीतरी तो लिलावातून एक जुना डोझर घेऊन आला. लोकांच्या जमिनी सपाट करून देणार म्हणे. तोवर तालुक्यात उंचवटा म्हणून फक्त डोंगर उरले होते. एक उन्हाळा डोझरनं कशीबशी कामं केली आणि बांधाकडेच्या लिंबाखाली जो बसला तो बसलाच. चेनीतून बोराचं झुडूप उगवलं. शेळ्या बॉनेटवर उन्हाला बसायला लागल्या. गोकुळ बहिणीकडं गेला की त्या बाजूला पाठ करून जेवायचा.

दिवाळी झाल्यावर रत्नाचा फोन आला. "दादा, डोझर तोडायला माणसं यायचीत. गॅसनं तोडून भंगारात न्हेणारेत. म्हनलं तुला सांगावं."

गोकुळ गॅरेज उघडं टाकून निघाला. गेला तर भंगारवाला गॅसची नळकांडी उतरवत होता आणि सुभाष त्याला चहा देत होता.

"दाजी, ह्याला तोडायचं?"

"मग काय करायचं, गोकुळभाऊ? इंजिन जाम, चेनी जाम. जागचं हालत न्हाई."

"तुमी तरी कुठं हालता? तुमाला तोडलं का कुणी?"

"दादा!" रत्ना म्हणाली. "घरचा जावई हाय."

"म्हनून तर ईचारतोय." मग तो भंगारवाल्याकडं वळला. "चहा पी आन् नीघ. हे मेलंय का जितं हाय ते तू नको सांगू. तुला सायकलची चेन बसवता यायची न्हाई."

भंगारवाला गेला. सुभाषनं चहाचे कप उचलले. तो कधीच उलटून बोलत नसे, आणि गोकुळला त्याचाच जास्त राग यायचा. शिवी दिली तर निदान परत तरी यावी.

इंजिन त्यानं महिन्याभरात सोडवलं. आत डिझेल ओतून मुरू दिलं, हातानं इंच-इंच फिरवलं, झडपा घासल्या, आणि एका सकाळी लिंबावरच्या सगळ्या चिमण्या एकदम उडाल्या. काळा धूर, मग करडा, मग नुसती धडधड. आता दोन दिवसांत यंत्र चालत दाखवतो, असं तो रस्त्यानं जाणाऱ्यांनाही सांगू लागला.

यंत्र चाललं नाही. गिअर टाकला की इंजिन कण्हायचं आणि दबून बंद पडायचं. दोन्ही बाजूंच्या चेनींत कडीला कडी गंजून एक झालेली. वाकायची ती चेन लोखंडी फळीसारखी ताठ. जुन्नरहून लेथवाला सत्तार बघायला आला. त्यानं छोट्या हातोडीनं दहा-बारा ठिकाणी ठोकून कान लावला.

"मिस्त्री, पिना आत धरल्यात," तो म्हणाला. "ह्याला दमानं घ्यावं लागल. रोज तेल पाजा, रोज ठोका. होळीपत्तुर सुटंल."

"होळीपत्तुर? मला शिकवतो व्हय? तुजा बाप टांग्याच्या चाकाला धाव बसवत व्हता तवा मी आसल्याच यंत्रावर बसत व्हतो."

"बसवत व्हता ना. घाई करून एकदाबी बसवली न्हाई त्यानं." सत्तारनं हातोडी पिशवीत टाकली. "मोडलं की सांगा. पिना करून देतो."

दुसऱ्याच दिवशी गोकुळनं जेसीबी बोलावला. डोझरला पुढून साखळदंड बांधला आणि ओढायला लावलं. ओढ बसली की चेनी झक मारून फिरतील, असा त्याचा हिशेब. डोझर हलला खरा, पण फिरला नाही. नांगरासारखा दोन खोल चर पाडत घसटत निघाला.

"काका, चेन फिरत न्हाई. नुसती माती वढतोय आपुन," जेसीबीवाला ओरडला.

"तू वढ. डोकं मी चालवतो."

सुभाष बांधावरून म्हणाला, "गोकुळभाऊ, जरा लांब व्हा तिथनं."

दाजींचं ऐकून लांब व्हायचं हे गोकुळच्या आयुष्यात बसणारं नव्हतं. तो उलट एक पाऊल पुढं सरकला. साखळदंड कडाडून तुटला आणि त्याचं टोक फिरून त्याच्या उजव्या हातावर बसलं. कोपराखाली दोन ठिकाणी हाड मोडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं शब्दशः कुणी करून घेतलं नसेल. दवाखान्यात नेताना तो जेसीबीवाल्याला, साखळदंड बनवणाऱ्याला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांना शिव्या देत होता. सुभाष त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता; शिव्यांतून तेवढा तोच सुटला.

प्लास्टरमधला हात घेऊन एकटा माणूस काय करणार? रत्नानं त्याला बोरीलाच ठेवून घेतलं. लिंबाखाली बाज टाकून दिली. आणि मग गोकुळला रोज सकाळी ते बघावं लागलं.

धारा काढून झाल्या की सुभाष जळक्या ऑइलचा डबा आणि हातोडी घेऊन यायचा. त्यात थोडं डिझेल मिसळायचा. मग डाव्या चेनीच्या पहिल्या पिनेपासून सुरू. तेल सोडायचं, चार ठोके, पुढची पिन. मागं वळसा घालून उजवी चेन. उन्ह चढेपर्यंत एवढंच. ठोके बसायचे तिथून तांबडी धूळ झडायची, बाकी काही व्हायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पिनेपासून.

"हातोडी आशी धरत्यात? भाकरी थापताय का?" गोकुळ बाजेवरून ओरडायचा.

"बरं," म्हणून सुभाष हातोडी वेगळी धरायचा.

"कडीवर मारा, पिनंवर न्हाई! डोळं कुठं गहाण ठेवल्यात?"

"बरं."

गोकुळला खात्री होती की आठवड्यात हे सोडून देतील. रत्नाला त्यानं सांगूनही ठेवलं. "इमूचं केलं तेच व्हनार. दाजींच्या हातनं सुरू झालेलं आजवर काय पुरं झालंय?"

"तू लवकर बरा हो आन् तुज्या घरी जा," रत्ना म्हणाली. ती त्याचीच बहीण होती.

आठवडा गेला, थंडी वाढली, कांद्याची लागण झाली. सुभाष लागणीच्या दिवसांतही पहाटे उठून एक बाजू तरी करायचा. बोटांच्या पेरांत काळं तेल असं मुरलं की रत्ना त्याला पिठाला हात लावू देईना. गोकुळ त्याच्या प्रत्येक ठोक्यात खोट काढायचा, आणि खोटी अशा की त्यातल्या निम्म्या खऱ्या होत्या. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपल्याला रोज नवी खोट शोधावी लागतेय, कारण कालची आज दिसत नाही. ह्या गोष्टीचा त्याला भयंकर संताप आला.

शेवटी त्यानं विचारलंच. "दाजी, खरं सांगा. ह्यात तुमाला काय दिसतंय? एवढी वर्सं शेळ्या बसवल्या ह्याच्यावर, आन् आत्ताच का येवढा पुळका?"

सुभाषनं डबा खाली ठेवला. चिंधीला हात पुसले.

"इमू आणलं तवा तुमी नुसतं हसला, गोकुळभाऊ. फुलं लावली तवाबी हसला. हसण्यानं मानसाला कळत न्हाई, नेमकं कुठं चुकतंय. आता तुमी शिव्या देता. शिवीत कळतं."

"डबा सांडंल तिकडं," गोकुळ म्हणाला, आणि कूस बदलून लिंबाच्या खोडाकडं तोंड करून पडला.

शिमगा तोंडावर आला तेव्हा उजव्या चेनीची वरची कडी हातानं हलली. सुईच्या टोकाएवढी, पण हलली. सुभाषनं हाक मारली नाही. तो पुन्हा पुन्हा ती हलवून बघत राहिला. बाजेवरून गोकुळला ते दिसलं आणि तो उठून पळत गेला. मग सत्तार गॅस घेऊन आला, हट्टी कड्या तापवून तापवून सोडवल्या. अगदीच गेलेल्या काही पिना कापून काढल्या आणि त्यानं लेथवर नव्या करून आणल्या. होळीचा उल्लेख त्यानं केला नाही. उल्लेख न करता तो ज्या पद्धतीनं हसत होता ते गोकुळला दिसत होतं.

प्लास्टर निघालं आणि यंत्र चालवायचा दिवस ठरला. वस्तीवरची माणसं जमली. रत्नानं हळदीकुंकू आणलं. गोकुळ कितीतरी वर्षांनी डोझर चालवायला म्हणून सीटवर चढून बसला. इंजिन लावलं, गिअर टाकला. एक किंकाळी उठली, लोखंडानं लोखंडाला केलेली, बायकांनी कान झाकले. तांबड्या गंजाचे पापुद्रे भराभर गळाले, मागच्या दातेरी चाकानं चेन ओढून घेतली, आणि डोझर स्वतःच्या पायांनी झुडूप चिरडत लिंबाखालून बाहेर आला.

पुढं कांद्याची चाळ होती. उजवीकडं वळायचं होतं. डोझरला स्टिअरिंग नसतं. ज्या बाजूला वळायचं त्या बाजूचा दांडा ओढायचा. गोकुळनं उजवा दांडा धरला. ओढला. हातात ताकदच नव्हती. हाड जुळलं होतं, पण पंजा नुसता दांड्यावर ठेवल्यासारखा राहिला. त्यानं पुन्हा ओढला. कपाळावर घाम आला. मग त्यानं डोझर थांबवला आणि समोर बघत बसून राहिला. माणसं इतक्या वर्षांची उधारी फेडून घेऊ शकली असती. कुणी घेतली नाही, आणि ती दया गोकुळला हाडापेक्षा जास्त लागली.

"दाजी," तो खेकसला, "सगळं मीच करायचं का? चढा वर!"

सुभाष चढला. गोकुळ सरकून मडगार्डवर बसला आणि पुढची सगळी दुपार अख्ख्या बोरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याची अक्कल काढत राहिला.

वैशाखात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतून भागू नावाचा म्हातारा आला. आदल्या पावसाळ्यात कडा ढासळून त्यांची भातखाचरं दगडांनी भरली होती. टायरचं मशीन निम्म्या चढावरून माघारी फिरलं होतं. चेनचं कुठं आहे ह्याचा शोध घेत तो फाट्यापर्यंत पोचला होता.

"केवढी खाचरं?" गोकुळनं विचारलं.

"दोन घोंगड्या अंथरल्या की झाकंल, येवढं येक येक."

"आन् त्यासाठी येवढं यंत्र न्यायचं? भात घ्या बाजारातनं इकत."

"बाजारात तुमच्यावानी मानसं भेटत्यात," भागू म्हणाला. "म्हनून आमी घरचं खातो."

गोकुळनं त्याच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग तो डोझर वाहून नेणारा ट्रेलर कुठं मिळेल ते विचारायला उठला.

डांबरी संपली तिथं डोझर उतरवला. पुढचा चढ तो चालत गेला, सुभाष वर आणि गोकुळ बाजूनं पायी, धापा टाकत, शिव्या देत. वाडीतली माणसं खाचरांच्या कडेनं उभी राहिली. पात्यानं पहिला धोंडा उचलून उताराला लावला, मग दुसरा. दगडाखालची काळी माती वर आली तशी भागूची म्हातारी खाली बसून ती मुठीत घेऊन बघू लागली.

"ऑपरेटर हुशार दिसतोय," भागू म्हणाला. "तुमचा कोन?"

"आमचे दाजी हायत. शिकत्यात अजून."

दिवस कलायला आला तेव्हा पहिलं खाचर झालं. सुभाषनं यंत्र बंद केलं आणि बांधावर उभा राहून गोकुळकडं बघितलं. गोकुळ खाचरात उतरला. चारी अंगांनी फिरला. उकिडवा बसून, एक डोळा मिटून, मातीच्या पाठीवरून नजर फिरवली. पुन्हा फिरला. असा तो बराच वेळ शोधत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता.

मग डोंगराकडच्या कोपऱ्यात त्याला सापडलं. दोन बोटं उंच होतं.

"दाजी!" तो आनंदानं ओरडला. "हे काय करून ठेवलंय? या हिकडं!"